कानाला धरलेला हात

त्यांनी माझा कान धरला.

विचारलं नाही. सांगितलं नाही. डोक्यावरचा पदर मागे सारला, कानाची वरची कड चिमटीत धरली आणि दिव्याकडे ओढली. बाजारात मेंढी घेताना गिऱ्हाईक ओढतं, तशी. माझी मान वाकडी झाली. समोर पायऱ्यापायऱ्यांचे बाक होते आणि बाकांवर पांढऱ्या कोटातली पोरंपोरी. सगळी माझ्या कानाकडे बघत होती. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

कान धरणारे ते मोठे डॉक्टर. दूरच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळातले. गावात सगळे त्यांना मोठे डॉक्टरच म्हणत, मीही तेच लिहिते.

ते इंग्रजीत बोलत होते. बोलताना त्यांचा हात हलायचा, हाताबरोबर कान हलायचा, कानाबरोबर मी. टेबलावर काचेच्या भांड्यात माझी लघवी ठेवली होती. सकाळी नर्सबाईनं घेतली होती ती. एवढ्या पोरांसमोर ती उघडी मांडलेली बघून मला कुठं तोंड लपवावं कळेना. डॉक्टरांनी दुसऱ्या बाटलीतलं काहीतरी तिच्यात ओतलं. लघवी काळी झाली. शाईसारखी. बाकांवरून 'आऽऽ' असा आवाज आला. मागून कुणीतरी टाळी वाजवली.

मग ते मराठीत बोलले. मला कळावं म्हणून नाही. पोरांना हसवायला.

"ही माणसं मेंढ्या राखतात. आणि लग्नंही मेंढ्यांसारखीच करतात. कळपातल्या कळपात."

सगळी हसली. एक मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. तिला वाटलं असेल, हात ठेवला म्हणजे मला दिसत नाही.

मी खाली बघत होते. माझे पाय उघडे होते. चपला दाराबाहेर काढायला लावल्या होत्या. बाकी सगळ्यांच्या पायांत बूट होते.

मी काही बोलले नाही. मी बोलणारी बाई नाहीच. चौथीपर्यंत शिकले, तेव्हाही वर्गात गुरुजींनी नाव घेतलं तर उत्तर येत असून उभी राहायचे आणि तशीच खाली बसायचे. बोलायचं ते मनात. आता ते लिहिते. कुणाला दाखवायला नाही. मनात ठेवलं तर दुखणं वाढतं, एवढं मला कळलंय, म्हणून.

आमच्या घरात हे जुनंच आहे. लेकरानं दुपटं ओलं केलं की आधी पिवळं, मग तांबूस, आणि पडून राहिलं की काळं. मी जन्मले तेव्हा मायनं माझी दुपटी चुलीतल्या राखेनं घासली. राखेनं ती आणखी काळी झाली. मायला वाटलं, राख कमी पडली. तिनं आणखी राख लावली. असं किती दिवस चाललं असेल कोण जाणे. हात सोलवटेस्तोवर घासायची, असं ती सांगायची. राखेनंच ते काळं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तोवर माय नव्हती.

माझं लग्न आत्याच्या घरी झालं. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क असतो. आत्या माझी सासू झाली. माझी पोरगी जन्मली तेव्हा तिचं दुपटं उन्हात धरून आत्या म्हणाली, "आपलंच हाय गं. घरचं काळं पाणी." आणि विषय संपला. आम्ही कुणाला सांगत नव्हतो, पण घाबरतही नव्हतो. घरातल्या कुणाचं नाक मोठं असतं, कुणाचे डोळे घारे असतात, तसं.

पुढं माझे कान वरून निळसर काळे व्हायला लागले. मी ते पदराखाली ठेवले. मग पाठ धरली, गुडघे धरले. खाली बसलं की उठता येईना. सेनगावच्या डॉक्टरनं हिंगोलीला पाठवलं, हिंगोलीनं त्या मोठ्या शहराला. तिथं मोठ्या डॉक्टरांनी माझा कान बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. मी इतक्या तकलीफेत होते आणि ते खूश झाले होते. हे मला विचित्र वाटलं. पण डॉक्टर माणूस आहे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्या पायऱ्यांच्या खोलीत नेलं.

परत येताना एसटीत खिडकीशी बसले. कान दुखत नव्हता. पण त्यांची चिमूट कानावर तशीच होती. हिंगोली आलं तरी होती. जीपमध्ये दाटीवाटीनं बसून पुसेगावच्या अलीकडे आमच्या गावच्या फाट्यावर उतरले, तरी होती.

एक गोष्ट सांगते. त्यांचं बोलणं मला नुसतं लागलं नाही, ते आत रुतून बसलं. कारण आमच्या कळपात आम्ही एकच एडका फार वर्षं ठेवत नाही. दुसऱ्याच्या कळपातला आणून सोडतो. नाहीतर कोकरं खुरटतात. हे आमच्यात लहान लेकराला पण माहीत असतं. मेंढरांचं आम्ही सांभाळलं, आणि स्वतःच्या पोरींचं नाही. म्हणजे ते म्हणाले ते मेंढरांबाबत खोटं होतं आणि आमच्याबाबत खरं. हे मी कुणाजवळ बोलू? नवरा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघतो, मिरगाचा पाऊस जवळ आला की परत येतो. आत्या वारली होती. घरात मी आणि माझी पोरगी. ती तेव्हा तिसरीत होती. तिच्या कानांवर अजून काही आलं नव्हतं. रात्री ती झोपली की मी तिच्या कानावरचे केस मागं सारून बघायची.

गावच्या शाळेत मी खिचडी शिजवायची. ज्या शाळेत मी चौथी झाले, त्याच शाळेत. मागच्या बाजूला पत्र्याची खोली, तिच्यात चूल. बचत गटातल्या बाकीच्या बायांना शेतात मजुरीला जायचं असे, म्हणून ते काम मला मिळालं. मला ते फार आवडे. कुणाशी बोलावं लागत नसे आणि तरी माणसांत असल्यासारखं वाटे. जेवायची घंटा झाली की पोरं ताटल्या वाजवत यायची. "मावशी, मला करपलेलं द्या, तळातलं!" "मावशी, त्याला जास्त दिलं!" गावात मला नावानं हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं. पण शाळेत सगळ्यांची मावशी होते. गुडघे दुखत, मी लाकडी पाटावर बसून ढवळायची. त्या तासाभरासाठी मी दिवस ढकलत होते म्हटलं तरी चालेल.

मोठ्या डॉक्टरांची जीप गावात आली ती शाळेतच. आमच्या सगळ्या भावकीचं रक्त घ्यायचं होतं. हेडमास्तरांनी व्हरांडा झाडून दिला, खुर्ची टाकली, चहा सांगितला. आमची माणसं भिंतीला टेकून रांगेत बसली. मीही बसले. पुन्हा कशाला गेले, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. बोलावलं, म्हणून गेले. आम्हाला बोलावल्यावर जायची सवय आहे.

रक्त घ्यायला एक तरुण डॉक्टरीणबाई होती. बारीक, चष्मा लावलेली. तिनं माझ्या दंडाला रबर बांधलं आणि विचारलं, "मावशी, तुम्हाला काही विचारायचंय का?"

एवढ्या दवाखान्यांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "रक्त नेऊन काय करता?"

तिनं मागं वळून मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं. ते चहा पीत होते. मग ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि हळू आवाजात सांगायला लागली.

म्हणाली, आपण जेवतो त्यातल्या एका गोष्टीचे तुकडे करणारा एक रस प्रत्येकाच्या अंगात असतो. तुमच्यात तो बिघडलेला आहे. म्हणून ती गोष्ट तशीच राहते. लघवीत उतरते, कानात साठते, सांध्यात साठते. तो रस कसा बनवायचा हे आईबापाकडून येतं. तुमच्यात दोन्हीकडून बिघडलेलं आलं.

"मग?"

"मग आम्ही तो रस बनवायचा चांगला नमुना घेतो आणि तुमच्या घरातला बिघडलेला पण घेतो. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जिवंत पेशी वाढवतो. दोन्ही नमुने त्यांत घालतो आणि बघतो, कुठल्याचा रस काम करतो, कुठल्याचा नाही."

"घालता कसं? सुईनं?"

"सुईनं नाही जमत. एक विषाणू असतो, रोगाचा. त्याच्या आतलं रोग करणारं सगळं काढून टाकतो. नुसतं टरफल ठेवतो. त्यात आपला नमुना भरतो. टरफल पेशीत शिरतं, सामान उतरवतं, संपलं. ते वाढत नाही, कुणाला रोग देत नाही. आणि हे सगळं तिकडे, बशीत. तुमच्या अंगात आम्ही काहीच घालत नाही."

सुई दंडात होती, ती मला कळलीच नाही.

"पण त्या पेशीत आधीचे पण रस असतील. तुमचा कोणता, हे कसं कळतं?"

ती हसली. म्हणाली, "म्हणून आमच्या रसाच्या शेपटाला एक बारीक खूण जोडतो. त्या खुणेलाच चिकटणारं औषध टाकलं की तेवढाच दिसतो."

"गेरूवाणी," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आमी मेंढीच्या पाठीवर गेरू लावतो. दोन कळप मिसळले तरी आपली कोणती ते कळतं."

"अगदी तसंच, मावशी."

मग मी शेवटचं विचारलं. "यानं मी बरी होईन?"

तिनं सुई काढून कापूस दाबला. "नाही. तुम्ही नाही. तुमच्या मुलीच्या वेळेपर्यंत होईल का, तेही मला सांगता येत नाही. आम्ही अजून नुसतं बघतोय."

मला ते उत्तर बराबर वाटलं. त्यात काही लपवलेलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, माझं रक्त जाऊ दे. अशा बाईच्या हातात जाणार असेल तर जाऊ दे.

तेवढ्यात हेडमास्तरांनी मोठ्या डॉक्टरांना तेच विचारलं. अंगणात गाव जमलं होतं. शाळेत जीप येते म्हटल्यावर येणारच.

"साहेब, या रक्ताचं फुडं काय होऊन राहिलं?"

मोठे डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. "गुरुजी, एड्सचा विषाणू माहीत आहे ना? त्याच्या पोटात आम्ही ह्यांचा जीन भरतो." मग त्यांनी आमच्या रांगेकडे हात केला. "म्हणजे बघा, ह्यांची आणि एड्सची आता सोयरीक झाली!"

ते हसले. लोक पण हसले. साहेब हसले की हसायचं असतं. मग लोकांचं हसू एकेकाचं थांबत गेलं. डॉक्टरीणबाई उठून उभी राहिली, "सर, तसं नाही..." म्हणाली. पण ते कप ठेवून उठले होते. जीप गेली. धूळ खाली बसली तरी लोक तिथंच उभे होते. आमच्यापासून थोडे लांब.

संध्याकाळपर्यंत गावात एकच गोष्ट होती. मेंढकीच्या घरात तो रोग निघाला. त्याच्यासाठीच जीप आली होती. हिचे कान काळे झाले ते त्याच्यामुळंच.

दुसऱ्या दिवशी हापशावर माझा हंडा नळाखाली होता. शेजारची काकू आली, माझा हंडा पायानं बाजूला सारला, दांडा आधी राखेनं घासला आणि मग आपली घागर लावली. मी काकूच्या पोराच्या हळदीत पुरणाच्या पोळ्या लाटल्या होत्या. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती दांड्याकडे बघून बोलली, "माय, आमची लेकरंबाळं हायत."

शाळेत घंटा झाली. ताटल्या वाजल्या नाहीत. पोरं घरून डबे घेऊन आली होती. काहींच्या आया फाटकाशी उभ्या होत्या, पोरगं माझ्याकडं जातंय का बघायला. नेहमी तळातलं मागणारं एक पोरगं पत्र्याच्या खोलीच्या दाराशी आलं. आईनं त्याला दंडाला धरून ओढून नेलं. पातेलं भरून खिचडी होती. माझी पोरगी एकटी ताटली घेऊन आली, तिनं वाढून घेतलं आणि व्हरांड्यात जाऊन बसली. तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी झाली. ती खाली मान घालून सगळं जेवली. एक शीत टाकलं नाही. मी चुलीपाशी बसून बघत होते.

उरलेली खिचडी मी शाळेमागच्या म्हशीवाल्याला देऊ केली. म्हणाला, "न्हाई बाई. म्हशीचं दूध आमी विकतो."

शाळा सुटल्यावर हेडमास्तर आले. माणूस तसा भला. दाराबाहेरच उभे राहिले.

"माझा विश्वास न्हाई या गोष्टीवर. पर लोक ऐकून न्हाई राहिले. तुमी एक करा. मोठ्या डॉक्टरच्या सहीचा कागद आणा, की तुमाला तो रोग न्हाई. मी फळ्यावर लावतो. चार दिवसांत सगळं ठंडं होईल."

"आन् कागद नसला तर?"

"तर चूल दुसऱ्या बाईकडं द्यावी लागल. माझ्या हातात काय हाय?"

त्यांना वाटलं असेल, ही रडेल. मी पातेलं घासायला घेतलं. राखेनं.

आठवडाभर माझ्याशी कुणी बोललं नाही. आधीही फार कुणी बोलत नव्हतं. पण न बोलणाऱ्या बाईशी लोक बोलत नाहीत ते वेगळं, आणि हे वेगळं. मी रस्त्यानं निघाले की ओट्यावरच्या गप्पा थांबायच्या आणि पुढं गेले की सुरू व्हायच्या. माझ्या भावकीतल्या लोकांनीही माझ्याकडं यायचं सोडलं. त्यांचं म्हणणं, कान हिचे काळे, शहरात ही गेली, जीप हिनं आणली. नणंदेनं पोरीला लहानपणीच आपल्या पोरासाठी मागून ठेवलं होतं. तिनं निरोप धाडला, आता ते राहू द्या. डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं सगळं मला पाठ होतं. टरफल, सामान, शेपटाची खूण. पण ते कुणाला सांगू? ऐकायला समोर कुणीतरी उभं राहावं लागतं.

गावाच्या टोकाला, ओढ्याच्या वर, गयाबाई राहायची. तिचा नवरा ट्रक चालवायचा. तो त्या रोगानं गेला आणि तिलाही तो आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. तिच्याकडं कुणी जात नसे. ती ओढ्याचंच पाणी भरायची. एका दुपारी मी पाण्याला ओढ्यावर गेले, कारण हापशावर जायचा मला कंटाळा आला होता. ती वर दारात बसून शेंगा फोडत होती. मला बघून ओरडली, "या बाई, या! लई दिवस एकटी होते. आता दोघी झालो."

मला हसावं की रडावं कळेना. मी हंडा ठेवला आणि तिच्या ओसरीवर बसले. तिनं चहा केला. कप पुढं केला आणि स्वतःच म्हणाली, "पिशील? का कागद बघशील माझा आधी?"

मी प्यायले.

"मला तो रोग न्हाई," मी म्हटलं. मला तिच्यापाशी तरी खरं सांगायचं होतं.

"मंग लई चांगलं झालं की. कागद आण, फळ्यावर लाव." ती शेंगा फोडत राहिली. "मी पण गेले होते कागद आणायला. अंगणवाडीत मदतनीस होते ना मी. माझ्या कागदावर व्हय निघालं. तवापासून इथं हाय. कागदावर न्हाई निघालं की बाई आत, व्हय निघालं की बाई बाहीर. तुझा न्हाईचा निघल. जा तू आत."

ती हे रागानं बोलली नाही. चहा गोड झालाय का, हे विचारावं तसं बोलली. मी घरी आले, पण ते माझ्या डोक्यातून जाईना. अंगणवाडीतल्या लेकरांना तिनं काय केलं होतं? शिजवून घातलं होतं. शिजवलेल्यातून तो रोग लागत नाही, हे भिंतीवर रंगवलेलं होतं, अंगणवाडीच्याच भिंतीवर. तरी तिला काढलं. मग मी कागद आणून काय म्हणणार होते? मी गयाबाई नाही, एवढंच. तिला तिथंच राहू द्या, मला आत घ्या.

पण चूल मला हवी होती. खोटं कशाला लिहू? फार हवी होती. रात्री डोळे मिटले की ताटल्यांचा आवाज यायचा.

मग जीप पुन्हा आली. काही जणांचं रक्त खराब निघालं होतं, पुन्हा घ्यायचं होतं. या वेळी डॉक्टरीणबाई सोबत नव्हती. आमच्यातलं कुणी फिरकलं नाही. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. पोरगी शाळेतच होती, ती येऊन माझ्या लुगड्याला धरून उभी राहिली. फाटकाशी बाया जमल्या. हापशावरची काकू पण होती.

हेडमास्तरांनी कागदाचं सांगितलं. मोठे डॉक्टर लगेच म्हणाले, "एवढंच ना? देतो की. तुला नाहीच तो रोग. तपासलेलंच आहे."

माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. खरंच उतरला.

"पण तूही आमचं एक काम कर. पुढच्या महिन्यात बाहेर देशातले पाहुणे येतायत. तू आणि मुलगी, दोघी या. आई-मुलगी दोघींत हे फार क्वचित बघायला मिळतं. हॉलमध्ये थोडा वेळ उभं राहायचं. बस. आल्या की कागद तिथंच सही करून देतो."

मला तो हॉल दिसला. पायऱ्यांचे बाक. टेबलावर काचेची दोन भांडी. एक माझं आणि एक तिचं. दाराबाहेर काढलेल्या चपला, त्यात तिच्या छोट्या चपला.

मी गप्प होते. मी गप्प म्हणजे कबूल, असं त्यांनी धरलं. आजवर सगळ्यांनी तसंच धरलं होतं. ते हेडमास्तरांकडे वळून बोलायला लागले, "आईचा पूर्ण काळा आहे. मुलीचा अजून स्वच्छ असेल, हे बघा..." आणि बोलता बोलता त्यांचा हात माझ्या पोरीच्या कानाकडे गेला. केस मागं सारले. चिमूट कानाला लागली. पोरीची मान वाकडी झाली.

मी त्यांचं मनगट धरलं.

परक्या माणसाला मी आयुष्यात हात लावला नव्हता. त्यांचं घड्याळ माझ्या तळव्याला लागलं. थंड होतं.

"कान सोडा."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. माझ्या कानाकडे नाही. माझ्याकडे.

"अगं, मी नुसतं दाखवतोय..."

"लेकरू हाय ते. मेंढरू न्हाई. सोडा."

त्यांनी सोडला. मला वाटलं आता माझी जीभ टाळ्याला चिकटणार, पण ती चिकटली नाही.

"आमी येणार न्हाई. मी न्हाई, माझी पोरगी न्हाई. आन् तुमी त्या दिवशी इथं खुर्चीत बसून जे म्हणले, ते आज याच लोकायला नीट सांगा. नुसतं टरफल असतं, रोग नसतो, ते बशीत असतं, आमच्या अंगात न्हाई. तुमच्याच बाईनं मला सांगितलं. तुमाला काहून सांगता आलं न्हाई?"

"ते विनोदानं म्हटलं होतं," ते हेडमास्तरांना म्हणाले. मला नाही. मग घड्याळ बघितलं. "गुरुजी, ह्यांना समजावा. कागद हवाय ना हिला?"

"मला कागद नको," मी म्हटलं.

फाटकापाशी काकू पुटपुटली, "बघा, म्हंजे असणारच."

मी तिच्याकडे वळले. मला ते सोपं होतं, 'नाही' म्हणणं. डॉक्टर समोर होते, त्यांनीच आत्ता सांगितलं होतं. पण मला ओसरीवर शेंगा फोडणारी बाई दिसली.

"काकू, असंल किंवा नसंल. माझ्या हातची खिचडी पोरायनं खाल्ली, कुणाला काय झालं? गयाबाईच्या हातचं खाऊन कुणाला काय झालं? तुमच्या घरातली कोणती बाई कागद दाखवून चुलीपाशी बसती?"

डॉक्टर लोकांना काही न सांगता जीपमध्ये बसले. मी पोरीचा हात धरला आणि घरी आले. घरी आल्यावर मी उंबऱ्यातच बसून राहिले. पोरीनं पाणी आणून दिलं. ती काही बोलली नाही. तीही माझ्यावरच गेली आहे.

चूल गेली. आठ दिवसांत दुसरी बाई आली. लोकांचं मन पालटलं वगैरे काही झालं नाही. हापशावर अजून माझ्यानंतर दांडा घासतात. तो घासून घासून चकचकीत झालाय. पोरीच्या शेजारी अजून जागा रिकामी असते. नवरा पावसाच्या तोंडावर मेंढरं घेऊन परत आला. त्याला सगळं वाटेतच कळलं होतं. जेवताना एवढंच म्हणाला, "एका सहीनं मिटलं असतं. काहून न्हाई म्हणलीस?"

मी सांगायला लागले. हॉलचं, भांड्याचं, मनगटाचं. त्यानं अर्ध्यात ताट सारलं आणि मेंढरांकडे गेला. मीही मग उरलेलं सांगितलं नाही. ते इथं लिहिलं.

माझं रक्त त्या शहरात आहे. आमच्या घरातलं बिघडलेलं त्यांनी टरफलात भरलं असेल, शेपटाला खूण जोडली असेल, बशीतल्या पेशीत ते आमच्या नावाशिवाय काम करत असेल किंवा करत नसेल. त्याला माझी ना नाही. त्यातून कुणाच्या लेकराचे सांधे सुटले तर सुटू देत. पण पुन्हा कुणी आलं तर आधी माझ्यासमोर जमिनीवर बसावं, ती डॉक्टरीणबाई बसली तसं. काय करणार ते आमच्या भाषेत सांगावं, गावासमोर सांगावं. मी विचारीन त्याचं उत्तर द्यावं. नाहीतर एक थेंब देणार नाही.

मोठे डॉक्टर आम्हाला कळप म्हणाले, ते मी माफ करत नाही. पण कळपातल्या कळपात मी माझी पोरगी देणार नाही. नणंदेनं पुन्हा मागितली तरी नाही, भावानं मागितली तरी नाही. नवरा चिडेल, भावकी तोडेल. तोडू दे.

दुपारी मी गयाबाईकडे जाते. हापशाचं पाणी भरून नेते, तिच्या दारात ठेवते. गाव बघतं. बघू दे.

पदर मी आता खांद्यावर घेते. कान उघडे असतात, काळे आहेत, दिसतात. पोरीचेही होतील. तिला मी ते झाकायला शिकवणार नाही. आणि तिच्या कानाकडे ज्याचा हात येईल, त्याचं मनगट कसं धरायचं, ते तिनं बघितलंय.

कागद मी आणणार नाही, कुणाला दाखवणार नाही. मागणाऱ्यानं आधी आपला आणावा.